रंगपेटी कुणाच्या बापाची?



वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. शनिवारी, शाळा सुटायच्या आधी. त्या तासाला गणिताचा मास्तर येतो आणि राहिलेली उदाहरणं उरकून घेतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, साहेबालाही ठाऊक आहे. गाण्याचा तास म्हणजे पंधरा ऑगस्टच्या आधीचे आठ दिवस. नाटक म्हणजे गॅदरिंग. आणि गॅदरिंगमध्ये राजा कोण, भालदार कोण, सतरंज्या कोण उचलणार, हे कुणाच्या घरून भाड्याच्या ड्रेसचे पैसे येतील त्यावर ठरतं. झालं. संपलं आपलं कलाशिक्षण.

या अंकाचा अग्रलेख शाळेतल्या रंगपेटीवर आहे म्हटल्यावर आमच्याच दोन-चार गड्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "शाळेच्या संडासात पाणी नाही, शिष्यवृत्ती वर्ष उलटलं तरी खात्यात पडत नाही, आणि तू रंगपेटीवर काय लिहितोस? चित्रं काढून पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे. पोटाचा प्रश्न आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. पण एक ध्यानात घ्या. 'पोट भरतं का' हे फक्त आपल्याच पोरांना विचारलं जातं. पांढरपेशांचं पोर संध्याकाळी तबल्याच्या क्लासला निघालं की त्याला कुणी हटकत नाही. त्याच्या हातात ब्रश दिसला की पाहुणे म्हणतात, कलाकार दिसतोय. आपल्या पोराच्या हातात ब्रश दिसला की विचारतात, रंगकामाला जातो काय रे? ब्रश तोच. हात बदलला की ब्रशाचा धंदा होतो. हा फरक शाळेच्या बाहेर तयार झाला असेल, पण त्यावर शिक्का मारायचं काम शाळाच करते. आणि तो शिक्का जिथं कोरला जातो त्या जागेचं नाव अभ्यासक्रम.

अभ्यासक्रम म्हणजे नुसती धड्यांची यादी नव्हे. कुणाचं जगणं ज्ञान आणि कुणाचं जगणं घाण, कुणाचा आवाज संगीत आणि कुणाचा आवाज गोंगाट, हे कागदावर ठरवायचं म्हणजे अभ्यासक्रम. म्हणून हा विषय फुरसतीचा नाही.

ताजं उदाहरण घ्या. महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं मे २०२४ मध्ये शालेय शिक्षणाच्या राज्य आराखड्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला. त्यात मूल्यशिक्षणाच्या जागी मनुस्मृतीतला श्लोक निघाला. जे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळालं, ते सरकारी मसुद्याच्या पानावर पुन्हा येऊन बसलं. बोंबाबोंब झाली, मनुस्मृती अभ्यासक्रमात येणार नाही असं सरकारला सांगावं लागलं. आपण समाधानानं घरी गेलो. पण त्याच मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीता पाठ करून घ्यायची सूचना होती, तिच्याकडं आपण तेवढ्या बारकाईनं पाहिलं नाही.

पाठांतर ही साधी गोष्ट नाही, गड्यांनो. ते कलाशिक्षणच आहे. आवाज कसा लावायचा, श्वास कुठं घ्यायचा, ताल कसा धरायचा, चारचौघांत छाती काढून उभं कसं राहायचं, हे सगळं पोर त्यातून शिकतं. ज्यांना हे कळतं ते बरोबर तिथंच हात घालतात. धड्यातलं वाक्य पोर परीक्षेनंतर विसरतं. तालावर पाठ केलेलं मरेपर्यंत जिभेवर राहतं. मग त्या जिभेवर कुणाचे शब्द ठेवायचे? आपल्या वस्तीत दर चौदा एप्रिलला वामनदादा कर्डकांची गाणी पोरांना न शिकवता पाठ असतात. शाळेत मात्र त्या गाण्यांना पाठांतर म्हणत नाहीत. शाळेच्या लेखी तो लाउडस्पीकरचा आवाज असतो.

आता थोडं मागं जाऊ.

शाळेत काय शिकवावं हे आपल्या बाजूनं पहिल्यांदा सरकारदरबारी लेखी कुणी सांगितलं? जोतीरावांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक कष्टकऱ्यांच्या जातींतून तयार करा म्हणजे ते पोरांत मिसळतील, आणि वाचन, मोडी-बाळबोध लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान द्या, असं त्यांनी मांडलं. म्हणजे अभ्यासक्रम कुणी घडवायचा आणि कुणी शिकवायचा, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच निवेदनात ठेवले. आजच्या समित्यांना अजून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय.

आणि हेच जोतीराव १८५५ साली नाटक लिहितात. 'तृतीय रत्न'. जोशीबुवा कुणब्याला ग्रहांच्या भीतीनं लुबाडतो, विदूषक मध्ये मध्ये बोलून ते उघडं पाडतो, आणि शेवटी कुणबी-कुणबीण रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. शिक्षणावरचं नाटक, शिक्षणासाठी. ते दक्षिणा प्राइज कमिटीकडं पाठवलं, कमिटीनं नाकारलं. कुठलं नाटक छापायचं आणि कुठलं फेकायचं, हे ठरवणारी खुर्ची तेव्हाही होती, आताही आहे. तिचं नाव तेवढं बदलतं.

त्याच १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे, मांगाची पोर, निबंध लिहिते आणि 'ज्ञानोदय' तो छापतं. विषय काय? मांगमहारांचं दुःख. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे ती पोर लिहिते. तिला कुणी 'पावसाळ्यातील एक दिवस' दिला नाही. शिक्षकांनी हातात लेखणी दिली आणि बघ, तुझ्या भोवती बघ, एवढं शिकवलं. कलाशिक्षण म्हणतात ते याला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं आणि पाहिलेलं चारचौघांपुढं मांडणं. पावणेदोनशे वर्षं होत आली, आणि आपल्या शाळेतला निबंध अजून 'मी पक्षी झालो तर' यावरच घिरट्या घालतोय.

मग चित्रकला शाळेत आली कुठून? साहेबाकडून. मद्रास १८५०, कलकत्ता १८५४, मुंबई १८५७, असे कलाशाळांचे कारखाने उघडले. मुंबईच्या शाळेला जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा नमुना इथं आणला. हेतू होता कारागीर तयार करायचे. नजर आणि हात यांना वळण लावायचं, म्हणजे माल बरा निघेल. वस्तू पुढं ठेवायची आणि हुबेहूब काढायची. आता गंमत पाहा. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हात चालत होता, त्या कुंभार-सुतार-चांभारांच्या नावानं शाळा निघाली. पुढं त्या शाळांतून निघालेला चित्रकार झाला 'आर्टिस्ट'. कुंभार कुंभारच राहिला, चांभार चांभारच राहिला.

त्या वळणाचा वारसा आजही आपल्याकडं आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. या परीक्षांना मी शिव्या देणार नाही. खेड्यापाड्यांतल्या कित्येक पोरांना चित्रकार होता येतं ही बातमीच मुळी या परीक्षांनी कळवली. पण त्यातलं स्मरणचित्र म्हणजे काय? आठवणीतून काढायचं चित्र. आणि आठवणी सगळ्यांच्या सारख्या नसतात.

मी आठवीत होतो. सरावाला विषय दिला, मिरवणूक. मी चौदा एप्रिल काढली. ट्रकवर बाबासाहेबांचा फोटो, पुढं लेझीम, निळे झेंडे, चाळीच्या कठड्यावर बायका. मास्तर थांबले. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "अरे, निळाच रंग किती वापरलायस? आणि परीक्षेला असलं काढू नये, गणपतीची मिरवणूक काढ, परीक्षकाला पटकन ओळखू येते." मी गणपतीची काढली. मार्क चांगले पडले. आता बोला. मास्तरांनी मला मारलं नाही, जातीवरून बोलले नाहीत, उलट माझं भलंच चिंतलं. आणि तरी त्या दिवशी मला बरोबर कळलं की माझी आठवण परीक्षेला चालत नाही. दुसऱ्याची आठवण पाठ करायची, ती स्वतःची म्हणून रंगवायची, आणि मग श्रेणी मिळते. आपल्यातल्या प्रत्येक शिकलेल्या पोराच्या पोटात असं एक न काढलेलं चित्र आहे.

या श्रेणीवर आता दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रकलेला मिळतात, शास्त्रीय गायन-वादन-नृत्याला मिळतात, लोककलेलाही ठेवलेत. कागदावर झकास. पण गुण कलेला मिळत नाहीत, सर्टिफिकेटला मिळतात. सर्टिफिकेटला क्लास लागतो, क्लासला फी लागते, फीला बाप महिन्याच्या पगारावर असावा लागतो. वस्तीत भजनी मंडळात आठ वर्षं ढोलकी वाजवणाऱ्या पोराकडं कागद नाही. म्हणून त्याची ढोलकी शून्य मार्कांची.

संगीताचीही तीच तऱ्हा. १९०१ साली विष्णू दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारात आणि घराण्यात कोंडलेलं गाणं वर्गात आणलं, पद्धत बसवली, पुढं परीक्षा आल्या. मोठं काम, मी नाकारत नाही. पण ते गाणं 'सभ्य घरात' नेताना आधी ज्यांनी ते सांभाळलं त्या गाणाऱ्या बायका आणि मुसलमान उस्ताद हळूहळू चौकटीबाहेर ढकलले गेले. आणि वाद्यावरचं कातडं? ते कमावणारा तर चौकटीत कधी आलाच नाही. टी. एम. कृष्णा या गायकानं मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिलं, २०२० साली. त्यातले बरेच दलित ख्रिस्ती. गाईचं कातडं सोलणं-कमावणं हा विषय त्यात आला म्हणून चेन्नईच्या एका नामांकित कलासंस्थेनं प्रकाशनाला दिलेली जागा काढून घेतली. वाद्य पवित्र, कातडं अपवित्र! शाळेच्या संगीताच्या पुस्तकात तबल्याची बोलं असतात. तबल्यावर काय ताणलंय आणि ते कुणी ताणलंय, हा धडा मी अजून कुठं वाचला नाही.

इथं कुणी शहाणा उठेल आणि म्हणेल, बरोबर बोललात, म्हणूनच स्थानिक कला, पारंपरिक कारागिरी शाळेत आणली पाहिजे. थांबा राव. इथंच खड्डा आहे. आपली माणसं याच खड्ड्यात पडतात.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधींची नई तालीम आली. हस्तोद्योगातून शिक्षण. कल्पना वाईट नव्हती, हाताला मान मिळावा अशी होती. पण जातीच्या गावात हाताला मान आधी, की जातीला कात्री आधी, हा प्रश्न तिथं बाजूला पडला. मग १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी योजना काढली. पोरांनी काही तास शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. बापाचा! चांभाराच्या पोरानं चांभारकी, परटाच्या पोरानं धुणं. आणि वकिलाच्या पोरानं? पेरियारांनी आणि द्रविड चळवळीनं रान पेटवलं. 'कुलकल्वी', म्हणजे जातीच्या धंद्याचं शिक्षण, असं तिचं नाव पाडलं. १९५४ मध्ये राजाजींना खुर्ची सोडावी लागली, कामराजांनी योजना गुंडाळली. हा इतिहास आपल्या पोरांना तोंडपाठ हवा.

आता २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण वाचा. सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना. सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडं जाऊन काम शिकायचं. वाचायला गोड. मला फक्त एवढंच विचारायचंय, त्या यादीत गटार साफ करणारा का नाही? चामडं कमावणारा का नाही? आणि ग्रामीण शाळेत गुरुजी पोरांना वाटून देतील तेव्हा कुणाचं पोर कुणाकडं जाईल, यावर लक्ष कोण ठेवणार? पाटलाचं पोर कुंभाराच्या चाकावर बसेल त्या दिवशी मी स्वतः हार घेऊन जाईन. कुंभाराचंच पोर कुंभाराकडं पाठवलं तर ती शाळा नव्हे, ते बलुतं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं ते कशासाठी? गावकीच्या कामाचा गळफास सुटावा म्हणून. येसकराची काठी टाका, मेलेली ढोरं ओढू नका, हे त्यांनी सांगितलं. आपल्या कित्येक बापजाद्यांनी हलगी टाकली. मयताच्या पुढं, लग्नाच्या पुढं, गावदेवाच्या पुढं हुकमानं वाजवायची हलगी. बरोबर केलं. हुकमानं वाजते ती कला नसते, वेठ असते. पोतराजाच्या पाठीवरचा आसूड, देवाला सोडलेल्या मुरळीचं गाणं, यात कितीही सूर असला तरी त्याला 'आपली थोर परंपरा' म्हणून पुस्तकात छापणाऱ्यांपासून सावध राहा.

मग काय करायचं? हलगी फेकून द्यायची आणि हार्मोनियम धरायची? तेही नाही. माझं म्हणणं असं. हलगी आपल्याच पोराच्या गळ्यात अडकवू नका. ती वर्गातल्या सगळ्या पोरांच्या हातात द्या. जोशींच्या पोरानं हलगी शिकावी, परीक्षेला वाजवावी, नीट वाजली नाही तर नापास व्हावं. आणि आपल्या पोरीनं हवं तर सतार घ्यावी, हवं तर कॅमेरा घ्यावा, हवं तर हलगीच घ्यावी, पण आपल्या मर्जीनं. ज्या दिवशी हलगी वाजवणाऱ्याची जात ओळखू येणार नाही, त्या दिवशी ती कला झाली. अभ्यासक्रमात कुठलीही लोककला येवो, तिला ही एकच कसोटी लावा.

वारलीचं बघा. डहाणूकडच्या बाया लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ ला पद्मश्री झाली, २०१८ ला ते गेले. आज शाळाशाळांच्या भिंतींवर वारली आहे. वहीच्या कव्हरवर, पुस्तकाच्या कडेला, नक्षी म्हणून. आदिवासी कडेला आणि मधल्या चौकटीत धडा दुसऱ्याचाच. त्या चित्रातली माणसं ज्या जंगलात नाचतात ते जंगल कुणाच्या ताब्यात गेलं, हे चित्रकलेच्या तासाला विचारता येत नाही. कारण तो नागरिकशास्त्राचा प्रश्न म्हणे! आणि नागरिकशास्त्राच्या तासाला चित्र नसतं.

चित्र वाचायला न शिकवल्याचा हिशेब आपण २०१२ मध्ये मोजला. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब, मागं चाबूक घेऊन नेहरू. पुस्तक २००६ चं. मे २०१२ मध्ये संसदेत आग लागली, पुण्यात सुहास पळशीकरांच्या ऑफिसात तोडफोड झाली, ते आणि योगेंद्र यादव सल्लागारपद सोडून गेले. मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. 'एवढं काय त्यात, विनोद आहे' असं आपल्याला शिकवणाऱ्यांनी त्या वर्गात बसलेल्या एकुलत्या एका दलित पोराच्या जागी बसून बघावं. चाबूक त्याला कसा दिसतो ते बघावं. आणि खुर्च्या तोडणाऱ्यांनाही विचारतो, काच फोडून चित्र पुसलं जातं का? खरी गरज होती ती त्या वर्गात अशा मास्तराची, जो विचारील की पोरांनो, हे कुणी काढलं, कधी काढलं, चाबूक कुणाच्या हातात दाखवला, घटनेला वेळ का लागला, आणि आज तुम्ही हे उलटं कसं काढाल? तसा मास्तर तयार करणारा अभ्यासक्रमच नाही. म्हणून दोन्हीकडून आरडाओरडा झाला, आणि चित्र न वाचताच राहिलं.

उलटं काढता येतं, याचा पुरावाही आहे. २०११ साली 'भीमायन' आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचं आयुष्य चित्रांत काढलं. शाळेत पाण्याला हात लावू न दिलेला पोरगा, त्याची तहान, सगळं. त्याआधी २००७ ला कांचा इलय्या यांचं 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' आलं, चित्रं दुर्गाबाईंचीच. चामडं, धुणं, केस कापणं, मडकं, यामागचं शास्त्र पोरांना सांगणारं पुस्तक. दोन्ही पुस्तकं प्रत्येक शाळेच्या कपाटात हवीत. तुमच्या वॉर्डातल्या शाळेत आहेत का? जाऊन बघा.

आपली चळवळ स्वतःच एक मोठी कलाशाळा आहे, हे आपणच विसरतो. सत्यशोधकांचे जलसे झाले. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले, जिथं पेपर पोचत नव्हता तिथं डफ पोचला. अण्णाभाऊंनी अमर शेख आणि गवाणकरांच्या जोडीनं १९४४ ला लाल बावटा कलापथक उभं केलं. औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेज काढलं आणि त्या मिलिंदच्या आवारात प्राचार्य म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' उभं राहिलं. त्याच आवारातून पुढं 'अस्मितादर्श' निघालं. १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि चार दिवसांत विलास घोगरे या शाहिरानं आपला जीव दिला. गाणं या माणसांना करमणुकीचं नव्हतं. ते त्यांचं वर्तमानपत्र होतं, कोर्ट होतं, शाळा होती.

पण म्हणून कुणी असं म्हणू नये की अण्णाभाऊ शाळेशिवाय झाले, वामनदादा शाळेशिवाय झाले, मग शाळेत कला कशाला? अण्णाभाऊ झाले ते दिसले. शाळेनं हात न दिल्यामुळं जे झालेच नाहीत, त्यांची गणती कुणी केलीय?

आता कायद्याचं बोलू. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं दहावीपर्यंत कला हा विषय म्हणून असावा असं सांगितलं. २०२३ च्या आराखड्यानं पुन्हा सांगितलं. त्यावर एनसीईआरटीची पुस्तकंही निघाली, तिसरीला 'बांसुरी', सहावीला 'कृति'. चित्र, गाणं, नाच, नाटक, सगळं आहे. पुस्तक आलं, मास्तर कुठाय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं परिशिष्ट काढून वाचा. सहावी ते आठवीत पट शंभराच्या वर असेल तरच कलेसाठी शिक्षक, आणि तोही अर्धवेळ. म्हणजे शंभराच्या आत पट असला की कायद्यानंच कला रद्द. आणि कमी पटाच्या शाळा कुणाच्या? तांड्यावरच्या, पाड्यावरच्या, वस्तीवरच्या. ज्यांच्या घरात रंगपेटी विकत येऊ शकत नाही, नेमक्या त्याच पोरांच्या शाळेला कायदा म्हणतो, तुम्हाला चित्रकलेचा मास्तर लागत नाही. ही चूक नव्हे गड्यांनो, हा हिशेब आहे.

तर मागण्या मांडतो. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

शंभराची अट काढा. लहान शाळांना मिळून का होईना, पूर्ण पगाराचा कलाशिक्षक द्या. अर्धवेळ माणसाकडून पूर्ण माणूस घडत नाही.

रंग, कागद, वाद्य हे पाठ्यपुस्तकासारखं फुकट द्या. ग्रेड परीक्षेची फी सरकारी शाळेतल्या पोरांना माफ करा.

वस्तीतल्या शाहिराला, ढोलकीवाल्याला, मूर्तिकाराला, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला वर्गात बोलवा, खुर्ची द्या, तासाचे पैसे द्या. सर्टिफिकेट मागू नका. आणि तो जे शिकवील ते सगळ्या जातींच्या पोरांना शिकवा.

अभ्यासक्रमाच्या समित्यांवर कोण बसलंय त्याची नावं मसुद्याच्या आधी जाहीर करा. मसुदा आल्यावर बोंबलण्यात आपली उमर गेली. लिहिणाऱ्या टेबलावर आपली माणसं पाहिजेत. जोतीरावांनी १८८२ ला हेच शिक्षकांबद्दल मागितलं होतं.

आणि परीक्षकांना शिकवा. निळा रंग हा फक्त आभाळाचा नसतो.

हे सरकारकडून. आता आपल्याकडून काय? मोर्चा आहेच. पण मोर्च्याच्या आधीची कामं कंटाळवाणी असतात, ती करायची. कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या बाया असाव्या लागतात, वंचित घटकांचा वाटा असावा लागतो. शाळेचा विकास आराखडा तीच समिती बनवते. आपली आई, आपली वहिनी, आपली शेजारीण त्या समितीवर आहे का? असेल तर नुसती सही करायला जाते की बोलायला जाते? तिला सोबत करा. वेळापत्रक मागा. चित्रकलेचा तास गेल्या महिन्यात कितीदा झाला ते विचारा. उत्तर दिलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं काम आहे.

आणि रविवारी विहारात पोरांना जमवा. शिकवायला मोठा कलावंत नको. गेरू, चुना, कोळसा, जुने कॅलेंडर, एवढं पुरतं. पोरांना एकच सांगा, तुला दिसतं ते काढ. नळावरची रांग काढ, रात्रपाळीवरून येणारा बाप काढ, मोरीत कपडे धुणारी आजी काढ. कुणी ट्रकवरचे बाबासाहेब काढले आणि सगळा कागद निळा केला, तर त्याला अडवू नका. तो कागद भिंतीवर लावा. मग तीच चित्रं घेऊन शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात चला आणि विचारा, साहेब, ही कुठल्या इयत्तेत बसतात?

बाबासाहेब शाळेत असताना मास्तरांनी त्यांना गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं, तर फळ्यामागं ठेवलेले डबे बाटतील म्हणून पोरांनी गलका करून आधी डबे काढले, मग त्यांना फळ्याला हात लावता आला. ते डबे आता गेले असं म्हणतात. फळा अजून तिथंच आहे, खडू अजून त्यांच्याच हातात आहे. आपल्याला आता फळ्यावर दुसऱ्यानं लिहिलेलं उतरवून घ्यायचं नाही. फळ्यावर काय लिहायचं ते ठरवायचंय. आणि खडू पांढराच का, हेही विचारायचंय.

जय भीम.